दुपारी दोनची हवा कोण मोजणार?

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत हवा तपासणी, शेती आणि वृक्षलागवडीचे निर्णय घेणारे सर्व अधिकारी

विषय : जमिनीलगतचा ओझोन

सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या एप्रिलात नववीच्या मुलांना घेऊन एक जुना प्रयोग केला. मक्याच्या पिठाची खळ शिजवली, तिच्यात पोटॅशियम आयोडाइड घातलं, फिल्टर पेपरला ती फासली आणि पट्ट्या अंधाऱ्या खोलीत वाळवल्या. ओझोन या पट्टीला लागला की आयोडाइडमधलं आयोडीन सुटतं आणि आयोडीनने स्टार्च निळा-जांभळा होतो. श्योनबाइन नावाच्या शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास ओझोन ओळखला, त्यानंतर युरोपात कित्येक वर्षं हवा अशाच पट्ट्यांनी तपासली जायची. सकाळची शाळा सुटल्यावर मुलांनी पट्ट्या ओल्या करून सावलीत टांगल्या. एक चोपड्याच्या स्टँडवर, एक शाळेच्या गच्चीवर, एक अडावदकडच्या केळीच्या बागेच्या बांधावर आणि एक उनपदेवच्या वाटेवर, सातपुडा सुरू होतो तिथे. संध्याकाळी पाचला सगळ्या गोळा केल्या.

आम्हा सगळ्यांना वाटलं होतं की स्टँडवरची पट्टी सगळ्यात गडद निघेल. एसटी तिथे, काळीपिवळी तिथे, डिझेलचा धूर तिथे. निघालं उलटं. स्टँडवरच्या पट्टीला जेमतेम रंग आला होता आणि बांधावरची चांगली जांभूळली होती. उनपदेवच्या वाटेवरचीही स्टँडपेक्षा गडद. एका मुलीने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या आणि विचारलं, “सर, स्टँडवर इतल्या गाड्या शेतस, तरी कागद पांढरा कसा ऱ्हायना?”

ही पट्टी म्हणजे मोजमाप नव्हे, हे मी मुलांनाही सांगितलं. ओलाव्याने रंग बदलतो, नायट्रोजन डायऑक्साइडनेही थोडा येतो. पण तिचा प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर मी पुढचे दोन तास फळ्यावर देत होतो, आणि तेच उत्तर आपल्यापर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र लिहितो आहे.

ओझोन म्हटलं की लोकांना आकाशातलं छत्र आठवतं. पाठ्यपुस्तकातही तेच असतं आणि ते बरोबर आहे. जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटरच्या वर असलेला ओझोन अतिनील किरण अडवतो. पण तोच वायू आपल्या नाकातोंडाशी आला तर फुप्फुस आणि पान दोन्ही पोळतो. शिवाय तो कुठल्या धुराड्यातून किंवा सायलेन्सरमधून निघत नाही. तो हवेतच तयार होतो, उन्हात. म्हणून तो दिसत नाही आणि त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडता येत नाही.

तो तयार होतो तो असा. इंजिनात किंवा भट्टीत खूप उष्णता झाली की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रिक ऑक्साइड होतो, त्यातून पुढे नायट्रोजन डायऑक्साइड. या डायऑक्साइडवर ऊन पडलं की त्याचा एक ऑक्सिजन अणू सुटतो. तो मोकळा अणू हवेतल्या साध्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन तयार होतो. मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड मात्र गप्प बसत नाही. तो ओझोनला गाठतो आणि दिलेला अणू परत घेऊन पुन्हा डायऑक्साइड होतो. मुलांना मी हे उसनवारीच्या भाषेत सांगतो. दिलं, घेतलं, फिटलं. एवढाच व्यवहार असता तर हवेत ओझोन फारसा साचलाच नसता.

गडबड होते ती तिसरा माणूस मध्ये आल्यावर. हा तिसरा म्हणजे हवेत उडून जाणारी सेंद्रिय संयुगं. पेट्रोल भरताना वास येतो ती, रंगातली, थिनरमधली, अर्धवट जळलेल्या काडीकचऱ्याच्या धुरातली. उन्हात ही संयुगं तुटतात आणि त्यांचे तुकडे नायट्रिक ऑक्साइडला परस्पर ऑक्सिजन पुरवतात. त्याला आता ओझोनकडे वसुलीला जावंच लागत नाही. तो डायऑक्साइड होतो, पुन्हा उन्हात फुटतो, पुन्हा ओझोन होतो. वसूल कुणीच करत नाही, म्हणून ओझोन साचत जातो. सकाळी दहापासून वाढायला लागतो, दुपारी एक ते चारच्या दरम्यान शिगेला पोहोचतो आणि ऊन उतरलं की ओसरतो.

आता स्टँडवरची पट्टी. स्टँडवर दर दोन मिनिटाला गाडी चालू होते आणि ताजा नायट्रिक ऑक्साइड सोडते. तो जागच्या जागी ओझोन खाऊन टाकतो. हीच हवा वाऱ्याबरोबर पाच-दहा किलोमीटर पुढे गेली की ताजा धूर मागे राहतो, ऊन मात्र डोक्यावर असतंच, आणि वाटेत सेंद्रिय संयुगं मिळत जातात. मग ओझोन तयार होतो तो गाड्या नसलेल्या जागी. रात्रीही तेच. गावात रात्रीच्या गाड्यांचा धूर तो संपवतो, शिवारात संपवणारं कमी असतं. धूर शहरातल्या लोकांनी सोडायचा आणि त्याचा ओझोन शिवारातल्या माणसाने श्वासात घ्यायचा, असा हा हिशोब आहे.

हे कोडं पहिल्यांदा सुटलं ते अमेरिकेत, लॉस एंजलिसला. १९४३ च्या उन्हाळ्यात तिथे असा काही धूसर झाकोळ पडला की लोकांचे डोळे चुरचुरून पाणी यायला लागलं. आरी हागेन-स्मिट नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ तिथल्या विद्यापीठात अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. त्यांनी शहराची हवा तपासली आणि १९५० च्या आसपास दाखवून दिलं की गाड्यांच्या आणि तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या वाफा, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि ऊन मिळून ओझोन तयार होतो. त्या काळी तिथे रबराची पट्टी वाकवून ताणून ठेवत आणि तिला तडे जायला किती मिनिटं लागतात त्यावरून ओझोनचा अंदाज घेत. उन्हाचं शहर, तीन बाजूंनी डोंगर, रस्त्यावर गाड्या. मला ते वर्णन वाचताना तापीचं खोरं आठवतं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, मधली सपाट काळी जमीन आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या घरातलं तापमान. खोऱ्याचं तोंड पश्चिमेला उघडं आहे आणि उन्हाळ्यात वारा बहुतेक तिकडूनच येतो.

आता जंगलाविषयी बोलतो. इथे चुकीचा अर्थ लागला तर फार नुकसान होईल.

उडून जाणारी सेंद्रिय संयुगं फक्त पेट्रोल पंपावर नसतात. झाडंही ती सोडतात, आणि साऱ्या जगाचा हिशोब केला तर माणसापेक्षा कितीतरी जास्त सोडतात. त्यातलं मुख्य आयसोप्रीन. जगभरची झाडं मिळून वर्षाला सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात. निलगिरी, बांबू, पॉप्लर, ओक ही सढळ हाताने सोडणारी. दिवसा, उन्हात आणि उष्णतेत ते वाढतं, कारण तापलेल्या पानाला तग धरायला ते मदत करतं. सालईच्या डिंकाचा जो वास येतो, देवघरातल्या धुपासारखा, तोही टर्पीन नावाच्या अशाच संयुगांचा. हवेत मिसळल्यावर ही संयुगं वर सांगितलेल्या तिसऱ्या माणसाचं काम करतात, आणि पेट्रोलच्या वाफेपेक्षा चपळाईने करतात. १९८८ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहराच्या अभ्यासातून हेच पुढे आलं. झाडीने वेढलेल्या त्या शहरात नुसत्या पेट्रोलच्या वाफा कमी करून ओझोन हटेना, कारण झाडांची संयुगं जागेवरच होती.

मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याचे वडील मोबाइल घेऊन शाळेत आले. कुणीतरी त्यांना मजकूर पाठवला होता की झाडं प्रदूषण करतात. त्यांच्या बांधावर निलगिरीची आठ-दहा झाडं आहेत. तोडू का, असं विचारत होते. मी त्यांना बसवून घेतलं आणि जे सांगितलं ते आपल्यालाही सांगतो. एकटं आयसोप्रीन ओझोन करू शकत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडं नसतील तर ते उलट असलेला ओझोन संपवतं, तिथे गोष्ट तिथेच थांबते. आमच्या सातपुड्यातल्या वैजापूरच्या पलीकडे दाट जंगलात, जिथे गाडीचा धूर पोहोचत नाही, तिथे झाडाने सोडलेलं आयसोप्रीन निरुपद्रवी आहे. शिवाय पानं ओझोन शोषूनही घेतात. झाड हजारो वर्षं तेच करत आलंय. नवीन काय आलं, तर आपला धूर. गुन्हा धुराचा आहे आणि कुऱ्हाड झाडावर पडता कामा नये. माझ्या पत्रातलं एखादं वाक्य तोडून कुणी सातपुड्यातल्या एका झाडाच्या विरोधात वापरलं तर ती या पत्राची उघड फसवणूक ठरेल.

आपल्या जंगलाची आणखी एक खूण. सागाला मे महिन्यात पान नसतं. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात सातपुड्याचा बराच भाग उघडा असतो. अंजन, मोह, पळस यांची पालवी मात्र तेव्हाच फुटते, आणि शिवारातल्या केळीच्या बागा तर बारमाही हिरव्या. मग पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, सगळं जंगल पानांनी भरलेलं असतं आणि ऊनही कडक असतं. म्हणजे खानदेशात बघायचे महिने निदान दोन वेळचे आहेत, मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. दिल्लीचा हिवाळा डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं वेळापत्रक इथे चालणार नाही.

नायट्रोजनची ऑक्साइडं आपल्याकडे येतात कुठून? सुरत-नागपूर महामार्ग आणि धुळ्यावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता, यांवरचे ट्रक. भुसावळजवळ दीपनगरला कोळशावर चालणारं वीज केंद्र आहे. कोळसा जाळला की ही ऑक्साइडं होणारच, ती किती रोखता येतात एवढाच प्रश्न असतो, आणि केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी त्यांच्या मर्यादा घालून दिल्या आहेत. वीटभट्ट्या आहेत. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६, म्हणजे कमी धुराच्या मानकाच्या, झाल्या हे चांगलंच झालं, पण आमच्या रस्त्यावर माल वाहणाऱ्या कितीतरी गाड्या त्याआधीच्या आहेत.

आणि दोन गोष्टी अशा की ज्यांचा हवेशी संबंध कुणी जोडत नाही. पहिली पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं. कापूस संपला की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेला कापूस) ठेवू नका, पऱ्हाट्या काढून टाका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं आणि ते योग्यच आहे. पण काढलेल्या पऱ्हाटीचं करायचं काय? मजुरी परवडत नाही, मग बांधाला ढीग करून काडी लावली जाते. फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी आमच्या गच्चीवरून पाहिलं तर चारी बाजूंना धुराचे खांब दिसतात. त्या एका धुरात ओझोनचा दोन्ही कच्चा माल असतो, ऑक्साइडंही आणि सेंद्रिय संयुगंही. दुसऱ्या दिवशीचं ऊन उरलेलं काम करतं. दुसरी गोष्ट युरिया. जमिनीतले जिवाणू खतातला नायट्रोजन वापरताना नायट्रिक ऑक्साइड सोडतात, आणि तापलेल्या कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की तो एकदम उसळून येतो. गरजेपेक्षा जास्त टाकलेला युरिया शेतकऱ्याच्या खिशातून जातो आणि हवेतही जातो.

मी हे सगळं शेतकऱ्यांच्या विरोधात लिहीत नाही. सगळ्यात जास्त मार त्यांनाच बसतो. ओझोन पानाच्या छिद्रांतून आत शिरतो आणि पेशी जाळतो. जुन्या पानांच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या जागेत, बारीक तांबूस ठिपके दिसतात. शेतकऱ्याला वाटतं कीड आहे, औषध फवारतो, ठिपके जात नाहीत. पुष्कळदा ठिपकेही दिसत नाहीत, नुसतं उत्पन्न घटतं. गहू, सोयाबीन, कापूस ही ओझोनपुढे नाजूक पिकं मानली जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशात सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ कमी पिकल्याचा अंदाज दिला आहे. सुमारे ९ कोटी ४० लाख गरिबांना पुरलं असतं एवढं हे धान्य होतं.

माणसाचं सांगायचं तर, ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही. म्हणून तो नाका-घशात अडकत नाही, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. खोकला, छातीत आवळल्यासारखं होणं, दमेकऱ्याचा दमा उसळणं. धुळीसाठीचा मास्क या वायूला अडवत नाही. आमच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारला पळायची. दीर्घ श्वास घेतला की छातीत चुरचुरतं म्हणायची. मी त्यांना सकाळी सहाला पळायला सांगितलं, कारण तेव्हा ओझोन सगळ्यात कमी असतो. एवढं माझ्या हातात होतं. बाकीचं आपल्या हातात आहे.

देशाच्या २००९ च्या मानकांत ओझोनची मर्यादा दिलेली आहे : आठ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासाची १८०. मर्यादा आहे, पण मोजणी? राष्ट्रीय हवा तपासणी कार्यक्रमात हाताने नमुने घेणाऱ्या केंद्रांवर नियमित बघतात ते सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि दोन प्रकारचे धूलिकण, आठवड्यातून दोन दिवस. जळगाव शहर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, पण त्या कार्यक्रमाचं लक्ष्य धूलिकण कमी करणं आहे. धूळ महत्त्वाची आहे, तिच्यावर खर्च व्हायलाच हवा. फक्त, रस्त्यावर पाणी मारून ओझोन कमी होत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात अर्ज केला होता, आमच्या भागातला दुपारचा ओझोन किती ते कळवा म्हणून. उत्तरात धूलिकणांची वार्षिक सरासरी आली. ज्यांनी ते उत्तर टाइप केलं त्यांचा दोष नाही, त्यांच्याकडे तेवढाच आकडा असावा. पण चोवीस तासांच्या सरासरीत दुपारचे चार तास बुडून जातात, आणि वर्षाच्या सरासरीत एप्रिल बुडून जातो. आणखी एक. पिकाचं नुकसान साधारण ८० मायक्रोग्रॅमच्या वर ओझोन गेला की तासागणिक जमा होत जातं, असं धरून जगभर हिशोब करतात. म्हणजे माणसासाठीची आठ तासांची मर्यादा पाळली गेली तरी कापूस आणि गहू सुटतीलच असं नाही.

म्हणून माझं मागणं पहिलं आणि सगळ्यात मोठं हेच आहे की, ओझोन मोजणारी यंत्रं शहराच्या चौकात एक लावली तर शिवारात दोन लावा. एक सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावलच्या पट्ट्यात. दुसरं तापीकाठच्या कापसाच्या भागात, शिंदखेडा-अमळनेरकडे. ताशी आकडे लोकांना दिसू द्या. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना या कामात घ्या. चौकातला आकडा चांगला आला म्हणून जिल्ह्याची हवा चांगली, हा निष्कर्ष ओझोनच्या बाबतीत चुकीचाच निघणार. टाळेबंदीत २०२० साली देशातल्या अनेक शहरांत नायट्रोजन डायऑक्साइड घसरला, पण ओझोन घसरला नाही, काही ठिकाणी तर वाढला. कारण वसुली करणारा नायट्रिक ऑक्साइडच कमी झाला होता. म्हणून शहरात गाड्यांचा धूर आणि पेट्रोल-रंगांच्या वाफा दोन्ही एकदम कमी कराव्या लागतील. शिवारात, जिथे झाडांची संयुगं भरपूर आणि ऑक्साइडं मोजकी, तिथे ऑक्साइडं कमी केली की फरक पडतो.

पऱ्हाटीसाठी दंडाची नोटीस काढू नका. गावोगाव श्रेडर, म्हणजे पऱ्हाटीचा भुगा करणारं यंत्र, भाड्याने मिळू द्या, ऐन फेब्रुवारीत मिळू द्या, आणि भाडं काडीपेटीपेक्षा फार महाग पडणार नाही असं बघा. महामार्गाच्या कडेला आणि वीज केंद्राच्या आसपास हजारोंनी झाडं लावताना कुठल्या जातीचं झाड किती आयसोप्रीन सोडतं हे वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारा. बांबू आणि निलगिरी वाईट नाहीत, ती धुराच्या उशाशी मैलोन् मैल नकोत. सातपुड्यातल्या झाडांना मात्र हा नियम लावू नका. तिथे धूर पोहोचू नये एवढंच बघा.

यंदाच्या एप्रिलात आम्ही पुन्हा पट्ट्या टांगणार आहोत, या वेळी दहा ठिकाणी. त्या दिवसांत आपलं यंत्र आमच्या शाळेत आठवडाभर जरी ठेवलं तरी मुलांना आपला रंग आणि यंत्राचा आकडा शेजारी ठेवून बघता येईल. गच्चीला लागून जिन्याची खोली आहे, तिला कुलूप आहे, आत विजेचा प्लग आहे आणि पंखाही चालतो. किल्ली माझ्याकडेच असते. मुलगी तीच आहे, आता दहावीत गेली आहे. या वेळी अडावदच्या बांधावर ती स्वतः जाणार म्हणते.

आपला,
एक विज्ञान शिक्षक
चोपडा तालुका, जि. जळगाव